ऑशकॉशची वारी

आषाढाच्या दिवसांत पंढरीची वाट सोडून सातासमुद्रांपलीकडे जाण्याचा प्रसंग मजवर येईल असें कधीं वाटलें नव्हतें. परंतु माझा भाचा चि. माधव हा गेलीं बारा वर्षें अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांत एका कागदाच्या कारखान्यांत यंत्रविशारद म्हणून नोकरीस आहे, व “मामा, एकदां तरी या,” हा त्याचा आग्रह मोडवेना. म्हणून गेल्या वर्षीं निघालों. निघतांना पुण्यास अक्कानें, म्हणजे माधवच्या आईनें, मेतकुटाची पुडी, गोडा मसाला व एक गुप्त कामगिरी अशा तीन वस्तू माझ्या हवालीं केल्या. कामगिरी अशी, कीं माधवनें घरच्या घरीं एक विमान बांधलें आहे, त्याच्या नादापासून त्याला परावृत्त करावें. “तूं त्याचा मामा. शिवाय तीस वर्षें शाळेंत शास्त्र शिकवलेंस. तुझें तो ऐकेल,” असें ती म्हणाली. तें काम मीं कसें पार पाडलें, हेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

मिशिगन सरोवराच्या पश्चिमेस पसरलेला हा प्रदेश म्हणजे दुधातुपाचें गोकुळच. मैलोगणती मक्याचीं शेतें, तांबड्या रंगाचे मोठमोठे गोठे, त्यांच्याशेजारीं वैरण सांठविण्याचे उंच मनोरे, आणि झाडांच्या सावलींत रवंथ करणाऱ्या काळ्यापांढऱ्या गाई. हिवाळ्यांत येथील सरोवरें गोठून दगड होतात. जुलैंत मात्र उकाडा असा, कीं मुंबईची आठवण व्हावी. विनेबागो नांवाचें सुमारें तीस मैल लांबीचें एक विस्तीर्ण सरोवर या भागांत आहे. त्याच्या पश्चिम कांठीं ऑशकॉश हें गांव वसलें आहे. एरवीं शांत असलेलें हें गांव जुलैच्या अखेरच्या आठवड्यांत अवघ्या जगांतील हौशी वैमानिकांची पंढरी होऊन जातें.

या यात्रेचा इतिहास मोठा नाहीं. १९५३ सालीं मिलवॉकी शहरांत पॉल पोबेरेझ्नी यांनीं, स्वतःच्या हातांनीं विमानें बांधणाऱ्या मंडळींची एक संस्था काढली. आरंभीं तिचें कामकाज त्यांच्या घराच्या तळघरांतूनच चाले. संस्थेचा वार्षिक मेळा १९५९ सालीं रॉकफोर्ड येथें गेला व १९७० सालीं तेथून ऑशकॉशला आला, तो येथेंच स्थिर झाला. आतां एका आठवड्यांत दहा हजारांच्या आसपास विमानें या परिसरांत उतरतात, व २०२३ सालीं तर साडेसहा लाखांहून अधिक माणसें मेळ्यास आलीं. विमानतळाला स्टीव्ह विटमन यांचें नांव दिलें आहे. तेही स्वतःच विमानें रचून शर्यतींत उडविणारे गृहस्थ होते.

माधवचें बिऱ्हाड ऑशकॉशपासून चाळीस मैलांवर. त्याच्या गांवाबाहेर शेतांच्या मधोमध एक डांबरी धांवपट्टी आहे व तिच्या कडेला पत्र्याच्या कोठारांची एक रांग. त्यांतील एका कोठारांत माधवचें विमान उभें होतें. दोन माणसें शेजारीं बसतील एवढें तें लहान, सगळें अॅल्युमिनियमच्या पत्र्याचें. सहा वर्षें संध्याकाळचे तास व सुटीचे दिवस खर्चून त्यानें व भाचेसून सौ. उमेनें मिळून हजारों रिवेटी ठोकल्या होत्या. अमेरिकेचा कायदा असा, कीं विमानाचें निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनीं स्वतःच्या शिक्षणासाठीं वा करमणुकीसाठीं केलेलें असेल, तर अधिकृत तपासनीस तें पाहून उड्डाणाचा दाखला देतो. मात्र विमानावर ‘प्रायोगिक’ हा शब्द स्पष्ट लिहावा लागतो, आणि आरंभीं कांहीं ठराविक तास, माधवच्या बाबतींत चाळीस, नेमून दिलेल्या क्षेत्रांतच उडावें लागतें. तोंवर प्रवासी नेण्याची बंदी असते. आपल्याकडेही असा ध्यास घेणारा माणूस झाला आहे. कॅप्टन अमोल यादव यांनीं कांदिवलीच्या चारकोप भागांत राहत्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलें, २०१६ सालीं तें मुंबईच्या प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें, व २०१७ सालीं त्याची सरकारदरबारीं नोंद झाली.

मी पोहोंचलों तेव्हां माधवचे छत्तीस तास भरले होते. उरलेले चार तास पुरे करून मला शेजारीं बसवून ऑशकॉशला उडत न्यावयाचें, असा त्याचा बेत होता. मीं कपाळाला हात लावला. परंतु दुसऱ्याच दिवशीं समजलें, कीं विमानाला ताप येतो!

हा ताप म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगतों. पेट्रोल जाळून जी उष्णता निघते तिचा चतुर्थांश किंवा फार तर तृतीयांश भागच कामीं येतो. उरलेल्या उष्णतेची इंजिनानें कोठें तरी विल्हेवाट लावावी लागते. तिचा पुष्कळसा भाग धुराबरोबर निघून जातो. बाकीच्यासाठीं मोटारींत पाणी खेळवितात. लहान विमानांच्या बहुतेक इंजिनांत पाणी नसतें. तेथें वारा हेंच पाणी. इंजिनाला दोन्ही बाजूंस दोन दोन असे चार सिलिंडर, व प्रत्येकाच्या अंगावर पातळ कंगोरे. विमानाच्या नाकाला दोन नाकपुड्या असतात. त्यांतून वारा आंत शिरतो, सिलिंडरांच्या वरच्या बंदिस्त जागेंत कोंडला जातो, व तेथील दाबामुळें कंगोऱ्यांच्या फटींतून खालीं उतरतो. उतरतांना तो उष्णता उचलतो व पोटाखालच्या मोकळ्या तोंडानें बाहेर पडतो. ती वरची जागा बंदिस्त राहावी म्हणून पत्र्याच्या भिंती व त्यांच्या कडांना रबराच्या पट्ट्या लावलेल्या असतात. चुलीच्या धुराड्याचें तत्त्व कोणाही गृहिणीला ठाऊक आहे. धुराड्याची वाट मोकळी हवी, आणि भलतीकडचीं भोकें बुजलेलीं हवींत. येथेंही तेंच.

उड्डाणाच्या पहिल्या दहा तासांत माधवच्या इंजिनाचे चारही सिलिंडर तापत. त्यांत नवल नव्हतें. नव्या इंजिनांत दट्ट्याभोंवतालचीं कडीं सिलिंडरच्या भिंतीशीं घासून नीट बसावयाचीं असतात, व तोंवर घर्षणानें उष्णता वाढते. पुढें पहिला, दुसरा व चौथा हे निवळले. उजवीकडचा मागला, म्हणजे तिसरा, मात्र हट्टी मुलासारखा तापलेलाच राहिला. विमान वर चढत असतां बाकीचे तिघे ३९० अंश फॅरनहाइटच्या आसपास राहत, आणि हा सहा मिनिटांत ४४५ वर, म्हणजे २२९ अंश सेंटिग्रेडवर जाई. मग माधवला शक्ति कमी करून विमानाचें नाक खालीं घ्यावें लागे. या इंजिनाची सांगितलेली परमावधि ५०० अंश आहे. “मग अजून पंचावन्न अंशांची सवड आहे कीं!” असें मी म्हणालों. तेव्हां माधव म्हणाला, “मामा, ती मोडण्याची सीमा आहे, राहण्याची नव्हे. अॅल्युमिनियम वितळण्याच्या फार आधींच अशक्त होतें. चारशेच्या आंत राहिलें तर इंजिन वर्षानुवर्षें टिकतें.”

त्याच्या शेजारच्या कोठारांत एक वृद्ध गृहस्थ आपलें जुनें विमान ठेवीत. जन्मभर गाईंचा व्यवसाय केलेला, बोलणें थोडें, हात मोठे. नवीन बांधणाऱ्यांना विनामूल्य सल्ला देणारे जे स्वयंसेवक ही संस्था नेमते, त्यांपैकीं ते एक होते. त्यांनीं इंजिनाकडे पाहिलेंच नाहीं. प्रथम विचारलें, “आंकडा खरें बोलतो कशावरून?” आणि दुसरी गोष्ट बजावली, कीं एका वेळीं एकच बदल करावयाचा, व तो वहींत लिहून ठेवावयाचा. दोन बदल एकदम केले तर गुण कोणाचा तें कळत नाहीं. माझ्यांतला शाळामास्तर तेथेंच जागा झाला. वही मीं माझ्याकडे घेतली.

पहिल्या दिवशीं उष्णता मोजणारी सळई तपासली. उमेनें किटलींत पाणी उकळलें व सळईचें टोंक त्यांत धरलें, तों आंकडा २११ वर स्थिर झाला. समुद्रसपाटीपासून आठशे फूट उंचीच्या गांवीं तो तसाच असावयास हवा. मग तिसऱ्या व चौथ्या सिलिंडरांच्या सळयांची अदलाबदल करून माधव उडाला. सळई खोटी असती तर ताप चौथ्याकडे गेला असता. परंतु तो तिसऱ्याजवळच राहिला. म्हणजे आंकडा खरा होता.

दुसऱ्या दिवशीं ठिणगीची वेळ पाहिली. ठिणगी ठरल्या क्षणापूर्वीं पडली, तर दट्ट्या वर येत असतांनाच आंतला भडका त्याला दाबतो, व ती सारी उष्णता सिलिंडरच्या डोक्यांत शिरते. परंतु ठिणगी इंजिनावरील पट्टींत लिहिल्याप्रमाणें, दट्ट्या माथ्यास पोहोंचण्यापूर्वीं बरोबर पंचवीस अंशांवर होती. इंधन कमी पडूनही ताप येतो. पण मग बाहेर पडणाऱ्या धुराच्या उष्णतेंत तो सिलिंडर वेगळा उठून दिसावा. येथें चारही धुरांचे आंकडे भावंडांसारखे सारखे. तेलही १९५ अंशांवर समाधानांत होतें. तेव्हां इंजिनाच्या जळण्यांत दोष नव्हता. दोष होता तो निवविण्यांत.

तिसऱ्या दिवशीं रात्रीं जी युक्ति वृद्ध गृहस्थांनीं दाखविली ती मला फार आवडली. इंजिनाचें झांकण चढवून आंत, खालच्या बाजूस, एक दिवा सोडला, कोठारांतले सर्व दिवे मालविले, आणि आम्हीं एकेक करून नाकपुड्यांतून डोकावलों. पत्र्यांच्या सांध्यांतून उजेडाचे ठिपके चांदण्यांसारखे चमकत होते. एके ठिकाणीं तर रबराची पट्टी उलटी दुमडल्यामुळें बोटभर फट पडली होती. जेथून उजेड वर येतो तेथून वारा काम न करतां खालीं पळून जातो. उमेनें तांबड्या रबरी लुकणानें सगळीं भोकें बुजविलीं, माधवनें पट्टी सरळ केली. दुसऱ्या दिवशीं चारही सिलिंडर दहा अंशांनीं उतरले. परंतु तिसरा अजून ४३५ वर! वहींत मीं लिहिलें : ‘सर्वांस गुण, तिसऱ्यास विशेष नाहीं.’

पांचव्या दिवशीं एक पारदर्शक नळी आणली. तिचें एक तोंड सिलिंडरांच्या वर, दुसरें खालीं, व मधल्या वांकांत रंगीत पाणी. चढावर पाण्याच्या दोन बाजूंत साडेचार इंचांचा फरक पडला. याच दाबावर इतर तिघे सुखानें नांदत होते. म्हणजे वारा घरांत येत होता, घरांतून जातही होता. फक्त तिसऱ्याच्या दारावरून कांहीं कारणानें फिरकत नव्हता. तें कारण आम्हांस सांपडेना, आणि मेळा दोन दिवसांवर येऊन ठेपला.

आतां मला एक कबुली द्यावयाची आहे. या पांच दिवसांत चाळीस तास पुरे होऊन गेले होते, कायद्याची आडकाठी उरली नव्हती, आणि अक्कानें दिलेली कामगिरी मी कधींच विसरलों होतों. उलट ऑशकॉशला आकाशमार्गें जावें अशी उत्कंठा मलाच लागून राहिली होती. त्या रात्रीं जेवतांना मीच म्हणालों, “माधवा, पहांटे गारव्यांत निघूं. हळूहळू चढूं. चाळीस मैल म्हणजे काय, वीस-पंचवीस मिनिटांचा प्रश्न!”

माधवनें पानावरून वर पाहिलें नाहीं. तो म्हणाला, “मामा, नेमके तेथेंच वीस मिनिटें राहत नाहींत. मेळ्याच्या वेळीं गर्दी झाली, कीं सरोवरांभोंवतीं घिरट्या घालीत थांबावें लागतें. पुढें सर्वांनीं एकामागून एक, ताशीं नव्वद नॉट वेगानें, सावकाश जावयाचें. वेग कमी म्हणजे वारा कमी. उतरल्यावरही उन्हांत इंजिन चालू ठेवून रांगेंत सरकावें लागतें. शिवाय आंकडा खरा आहे हें आपणच सिद्ध केलें ना? मग तो आपल्याला नको तें सांगतो म्हणून त्याचें ऐकावयाचें नाहीं? आपण मोटारीनें जाऊं.”

उमा कांहीं बोलली नाहीं. तिनें माझ्या पानांत भात वाढला. सहा वर्षें ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस त्यानें दोन वाक्यांत सोडून दिला होता. मीं मान खालीं घालून जेवण उरकलें. परावृत्त करावयास गेलेला मी, परावृत्त होऊन उठलों.

दुसऱ्या दिवशीं मोटारीनें निघालों. वाटेंत फिस्क नांवाचें एक खेडें लागतें. येथें रस्त्याकांठच्या उंचवट्यावर गुलाबी सदरे घातलेले कांहीं सरकारी नियंत्रक दुर्बिणी घेऊन बसले होते. रिपन गांवापासून रेल्वेच्या रुळांवरून, जमिनीपासून हजारएक फूट उंचीनें, अर्ध्या अर्ध्या मैलाच्या अंतरानें विमानें येत होतीं. जणूं दिंडीच! नियंत्रक विमानाचा रंग व प्रकार पाहून हांक मारतात. वैमानिक तोंडानें उत्तर देत नाहीं, नुसते पंख हलवितो. मग त्याला कोणत्या धांवपट्टीकडे वळावयाचें तें सांगतात. माधव बराच वेळ टोपी हातांत घेऊन पाहत उभा होता. त्या दिवशीं ऊन रणरणतें होतें, आणि वरून आवाज आला, कीं पुढच्यांनीं सरोवराभोंवतीं थांबावें. आम्हीं दोघांनीं एकमेकांकडे पाहिलें, परंतु बोललों नाहीं.

ऑशकॉशच्या मैदानावर विमानांच्या रांगा दृष्टीच्या टप्प्यापलीकडे गेल्या होत्या. पंखांखालीं तंबू, तंबूंपुढें चुली, पोरेंबाळें, वाळत घातलेले कपडे. धांवपट्ट्यांवर रंगीत ठिपके काढलेले, आणि एकेका पट्टीवर एकाच वेळीं निरनिराळ्या ठिपक्यांवर दोन-तीन विमानें उतरत असलेलीं. या आठवड्यांत येथील नियंत्रण-मनोरा जगांत सर्वांत गजबजलेला असतो. पण मला विशेष वाटलें तें हें, कीं येथें कोणी आपली विद्या झांकून ठेवीत नाहीं. ज्याच्या इंजिनाचें झांकण उघडें, त्याच्यापाशीं चार अनोळखी डोकीं वांकलेलीं असावयाचींच.

अशाच एका उघड्या इंजिनापाशीं माधव थबकला. मालकीण आयोवा संस्थानांतील एक शाळाशिक्षिका होत्या. नवऱ्याच्या जोडीनें त्यांनीं विमान बांधलें होतें. माधवनें आपली कथा सांगितली, व मीं वही पुढें केली. बाईंनीं ती एखाद्या मुलाचा पेपर तपासावा तशी वाचली, हंसल्या, आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मागच्या बाजूस बोट दाखविलें. तेथें मागची पत्र्याची भिंत सिलिंडरच्या डोक्याला टेंकलेली नव्हती. मध्यें अंगठ्याच्या नखाएवढीही नाहीं अशी फट होती, व ती राहावी म्हणून स्क्रूखालीं वायसर घातलेले होते. त्यांनीं उलगडा केला तो असा : सिलिंडरच्या ओतीव डोक्याला सर्व बाजूंस कंगोरे सारखे खोल नसतात. या इंजिनांत त्या एका बाजूस ते अगदींच उथळ असतात. नेमकी तीच बाजू तिसऱ्याच्या बाबतींत मागल्या भिंतीकडे येते. पत्रा नीटनेटका चिकटवून बसविला, कीं वाऱ्याला खालीं उतरण्यास वाटच राहत नाहीं. पत्रा थोडा दूर सारला, कीं वाट होते.

माधवनें कपाळावर हात मारून घेतला. तो पत्रा त्यानें स्वतः, केसभरही फट न ठेवतां, अत्यंत सुबक बसविला होता, व त्याचा त्याला अभिमान होता! रात्रीं दिवा सोडून आम्हीं वारा नको तेथें कोठें पळतो तें पाहिलें. हवा तेथें तो पोहोंचतो कीं नाहीं, हें दिव्यानें दिसत नव्हतें.

परत आल्यावर चार वायसर, एक पाना व अर्धा तास एवढाच खर्च आला. वृद्ध गृहस्थांच्या उपदेशाप्रमाणें दुसरा कोणताही बदल केला नाहीं. माधव एकटाच उडाला; उमा व मी कुंपणापाशीं उभे राहिलों. वीस मिनिटांनीं तो उतरला व त्यानें वही मागितली. स्वतःच्या हातानें लिहिलें : ‘चढ, सहा मिनिटें. पहिला ३८०, दुसरा ३८०, तिसरा ३९५, चौथा ३८५.’ लगोलग त्यानें आणखी दोन उड्डाणें केलीं, तींही एकट्यानेंच, तीन वेळां तोच आंकडा आल्यावर मगच तो मला म्हणाला, “मामा, चला.”

त्या सायंकाळीं मीं विनेबागो सरोवर वरून पाहिलें. मेळा उठून गेला होता. ऑशकॉशच्या मैदानावर तंबूंच्या जागीं गवताचे पिंवळे चौकोन तेवढे उरले होते. खरें सांगावयाचें तर सरोवराकडे मीं थोडेंच पाहिलें. माझे डोळे त्या चार आंकड्यांवर होते. यंत्राचें भय मला वाटेनासें झालें असें मी म्हणणार नाहीं. पण भय कोणत्या माणसाच्या हातीं सोंपवावें, हें मला कळलें होतें. यंत्राच्या तापावर औषध निघतें. नको तो आंकडा न ऐकण्याची खोड माणसाला लागली, तर तिला औषध नाहीं.

रात्रीं अक्काचा फोन आला. “सांगितलेंस का त्याला?” तिनें विचारलें. मीं सर्व हकीकत सांगितली. मी पहांटे निघण्याचा हट्ट केला व तुझ्या मुलानें मला नाहीं म्हटलें, हेंही लपविलें नाहीं. पलीकडे कांहीं वेळ शांतता होती. मग तिनें विचारलें, “आणि तूं बसलास?”

“बसलों.”

“आंकडे पाहिलेस?”

“पाहिले.”

“सारा वेळ?”

“सारा वेळ.”

“बरें,” अक्का म्हणाली, “मेतकूट उरलें आहे का?”